कोकणात नॅशनल फुटबॉल स्टेडियम बांधायचं तर छपरापासून सुरुवात करू नको

प्रश्न कुडाळच्या एका मुलीचा आहे, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, थिसिसला तिनं कोकणात 40 हजार प्रेक्षकांचं नॅशनल फुटबॉल स्टेडियम घेतलंय. ती विचारते, काका, छपराचे तीन पर्याय केलेत, कमान, केबल आणि कॅन्टिलिव्हर म्हणजे मागच्या टोकाला धरून पुढे लोंबतं ठेवलेलं, यातला कुठला घेऊ, आणि जागा सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळमाळावर घेतली तर चालेल का.

सड्यावर चालेल, पण अटी आहेत, त्या सांगतो. छपराचं मात्र सगळ्यात शेवटी बघू गो. माझा धंदा स्ट्रक्चरल इंजिनीअरचा, रत्नागिरीच्या आसपास जेट्ट्या, मोठ्या शेडी आणि मैदानांचे स्टँड यातच उमेदीची वर्षं गेली, आणि आपल्याकडे स्टेडियम म्हटलं की प्रत्येक जण पहिलं चित्र छपराचं काढतो. कोकणात स्टेडियम दोनच गोष्टी ठरवतात, पावसाचं पाणी कुठून बाहेर जातं आणि माणसं कुठून बाहेर जातात. या दोन्हीची ड्रॉइंग झाली की छप्पर बरंचसं आपोआप ठरतं.

आधी आकडा. 40 हजार हा आकडा तू बहुतेक फिफाच्या नियमातून घेतलायस, वर्ल्ड कपच्या साध्या मॅचला 40 हजार, सेमीफायनलला 60, उद्घाटन आणि फायनलला 80 हजार. ठीक आहे, पण आपल्या नॅशनल टीमला एकच असं घर नाही, कधी कोलकाता, कधी गुवाहाटी, कधी बेंगळुरू अशी फिरत खेळते. इंग्लंडचं वेम्बली 90 हजारांचं आहे ते वर्षभर भरतं म्हणून परवडतं. आपल्या शेजारचं मडगावचं फातोर्डा साधारण 19 हजारांचं, आणि गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या राज्यात तेवढ्यात भागतं. सिंधुदुर्गात मॅच ठेवलीस तर गोव्याची माणसं येतील, आंबोलीवरून कोल्हापूरची पेठापेठांतली पोरं येतील, ती तर येतीलच, पण रोज येणार नाहीत. हे डोक्यात ठेव.

आता जागा. सड्यावर उभं राहिलं की वाटतं खाली सगळा कातळच, पहार मारली तर खणखण वाजते, मग फाउंडेशनला काय लागतंय. तिथंच लोक फसतात. हा कातळ म्हणजे जांभा, आपला तांबडा दगड, तो वरच्या थराला कडक असतो कारण तो उन्हावाऱ्यात सुकून घट्ट झालेला असतो, खाली गेलं की तो मऊ होत जातो आणि त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर लागतो, लिथोमार्ज म्हणतात त्याला, विहीर खणणाऱ्याला विचार तो बरोबर सांगेल किती हातांवर लागतो. ही माती ओली झाली की लोण्यासारखी सुटते, शिवाय जांभ्यात मधेमधे पोकळ्या असतात. म्हणून जमीन तपासायला बोअर घेताना वरचा कडक थर लागला की थांबायचं नाही, जांभा पार करून, ती माती पार करून खालच्या काळ्या दगडात म्हणजे बेसॉल्टमध्ये काही मीटर गेल्याशिवाय रिपोर्टवर विश्वास ठेवू नको. आणि एकदोन बोअरवर भागवू नको, स्टँडच्या चारी बाजूंना घे, जांभा पन्नास मीटरवर बदलतो. भूकंप पण धर, 1967 चा कोयनेचा भूकंप चिपळूणकर अजून विसरलेले नाहीत. सड्यावर अजून एक गोष्ट आधी बघायची, कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर ती कुठेही निघतात, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, तुझ्या मैदानाच्या मधोमध एखादा हत्ती कोरलेला निघाला तर जागाच बदलावी लागेल, तेव्हा हे काम बुलडोझर यायच्या आधी.

मला स्वतःला विचारशील तर मी बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे कापून काढतात ती खाण बघेन. पोर्तुगालमध्ये ब्रागा गावाचं स्टेडियम आहे, 2003 ला उघडलं, एदुआर्दो सौतो द मौरा या आर्किटेक्टचं, ते ग्रॅनाइटच्या जुन्या खाणीत बसवलंय, साधारण 30 हजारांचं. स्टँड दोनच, लांब बाजूंना. एका गोलच्या मागे सरळ दगडाचा कडा, दुसऱ्या टोकाला मोकळं, खाली गाव दिसतं. ज्युरीला दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण ग्रॅनाइटचा कडा उभा राहतो म्हणून चिऱ्याचा पण राहील असं समजू नको, खाणीत मशीनने कापलेली भिंत उन्हाळ्यात ताठ दिसते आणि चार पावसाळे खाल्ले की मागून पाणी येऊन ढासळते, तिला उतार, माती अडवणारी रिटेनिंग वॉल आणि मागून पाण्याला वाट हे सगळं द्यावं लागेल. फायदा मात्र मोठा आहे. स्टँडचा खालचा टप्पा जमिनीच्या उतारावरच बसला तर कॉलम, बीम, पाइल सगळं वाचतं, आणि 40 हजार माणसं एकदम नाचायला लागली तर हलायला खाली काही नसतंच.

नाचण्याचं म्हणतोय ते गंमत म्हणून नाही. आपल्या बांधकामाच्या कोडमध्ये बसायच्या पक्क्या खुर्च्या असतील तर चौरस मीटरला 400 किलोच्या आसपास लोड धरतात, खुर्च्या नसतील तर 500, पण तो झाला उभा भार. माणसं तालात उड्या मारतात तेव्हा सेकंदाला दोनच्या आसपास उडी पडते, आणि स्टँडची स्वतःची कंपनाची गती त्याच्या जवळपास किंवा दुप्पट-तिप्पटीला आली तर लोड पास होऊनसुद्धा स्टँड भीती वाटेल इतका हलतो. त्यामुळे वरचा टियर म्हणजे स्टँडचा वरचा टप्पा फार पुढे लोंबकळत काढायची हौस असेल तर ही गणितं कुणाकडून तरी करून घे. ढोलताशे आपल्याकडे असणारच.

हां, तर खाण म्हटलं की पाणी आलं.

मैदान 105 बाय 68 मीटर, म्हणजे 7140 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर सात हजार लिटर पाणी. आपल्याकडे तासाला 100 मिमीच्या वेगाने पडायला वादळ लागत नाही, जुलैतली एखादी जोराची सर पुरते, म्हणजे त्या वेगाने तासाला सात लाख लिटर नुसत्या खेळायच्या भागावर. बाजूचं गवत धरून 125 बाय 85 चा चौकोन घेतलास तर साडेदहा लाख. आणि छपराचं क्षेत्रफळ समजा 30 हजार चौरस मीटर तर त्याचे वेगळे तीस लाख. परदेशातली ड्रॉइंग जशीच्या तशी उचलणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की लंडनला वर्षभरात 600 मिमीच्या आसपास पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजाराच्या वर. तिथल्या छपराचे गटर इथे पहिल्याच नक्षत्रात ओसंडतील.

म्हणून खोल खड्ड्यातलं मैदान कोकणात तेव्हाच घ्यायचं जेव्हा त्या खड्ड्याच्या तळातून पाणी स्वतःच्या वजनाने बाहेर जाईल. पंपावर भरवसा ठेवायचा नाही, ज्या रात्री पंप लागणार त्याच रात्री लाईट गेलेली असणार, जनरेटर असला तरी त्याची खोली पाण्यात, हे 2021 च्या जुलैतल्या पुरात चिपळूणनं बघितलंय. सड्याच्या मधोमध जागा घेऊ नको, कडेला घे, जिथून खाली पऱ्ह्या म्हणजे ओढा उतरतो, म्हणजे मैदानाच्या तळाची पातळी त्या पऱ्ह्याच्या पुराच्या पातळीपेक्षा वर ठेवता येते. आणि पऱ्ह्याच्या खाली कुणाची भातशेती आहे ते बघ बाई, तुझ्या छपराचे तीस लाख लिटर एका तासात त्याच्या कुणग्यात गेले तर दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन गेटवर येईल आणि त्याचं बरोबरच असेल. साठवण तलाव कर, पाणी हळू सोड, तेच पाणी मार्च-एप्रिलात गवताला लागतं, तेव्हा आपल्याकडे टँकर फिरत असतात.

मैदानाच्या पोटात काय असतं ते थोडक्यात. तळाला उतार दिलेला पक्का थर, त्यात साधारण पाच-पाच मीटरवर भोकं पाडलेले पाइप, वर खडीचा थर, त्याच्यावर 25-30 सेंटीमीटर वाळूचा रूट झोन म्हणजे मुळं वाढायचा थर, आणि मग गवत. नवीन असताना चांगला रूट झोन तासाला 150 मिमी पाणी गिळतो, मग हळूहळू मुळं आणि कुजलेलं गवत साठून बुजत जातो, म्हणून त्याला भोकं पाडणं, वरून वाळू देणं हे कायमचं काम. वाळू कुठली हा आपल्याकडचा खरा प्रश्न. खाडीची वाळू अजिबात नको, मीठ असतं, आणि क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे दाणे टोकदार असतात, बारीक पूड धुतली नाही तर सिमेंट घातल्यासारखा थर बसतो. दाण्याच्या मापाचा रिपोर्ट बघूनच घ्यायची, मग ती कितीही लांबून आणावी लागो.

गवत बहुतेक ठिकाणी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, निवडलेल्या जातीची. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपसाठी आर्टिफिशियल टर्फ काढून तीच लावली. हरळीला ऊन पाहिजे, सावली चालत नाही, आणि आपल्याकडे जून-जुलैत आठवडाच्या आठवडा मळभ, त्यात तू वरून छप्पर घालणार. दक्षिण टोकाचं छप्पर थोडं आखूड किंवा उजेड आत सोडणाऱ्या कापडाचं कर, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो तेव्हा तिथूनच ऊन येतं. दुसरा पर्याय पास्पालम, कतारच्या 2022 च्या वर्ल्ड कपला वापरलं ते, खारं पाणी आणि खारा वारा बराच सहन करतं, समुद्रापासून जवळ जागा असेल तर मी त्याचाच विचार करेन. हायब्रिड, म्हणजे खऱ्या गवतात प्लॅस्टिकचे धागे शिवायचे, वेम्बलीला आहे तसं, ते नंतर बघ, आधी साधं गवत पावसाळ्यातून जगवून दाखवलं पाहिजे.

मैदान उत्तर-दक्षिण लांब ठेवायचं हे तुला माहीत असेल, म्हणजे संध्याकाळचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यात जात नाही, आणि मेन स्टँड, कॅमेरे पश्चिमेला, पाठ सूर्याकडे. आता यात कोकणाची भर घाल. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्राकडून येतो आणि सरळ पडत नाही, झड मारतो. म्हणजे पश्चिमेच्या व्हीआयपी स्टँडला मागच्या भिंतीचा आडोसा आहे आणि पूर्वेच्या स्वस्त तिकिटवाल्यांना ऊन पण तोंडावर आणि पाऊस पण तोंडावर. छपराची पुढची कड खुर्च्यांपासून 20 मीटर उंच असेल आणि पाऊस 45 अंशांनी आला तर पुढचे 20 मीटर भिजले, म्हणजे निम्मा स्टँड. आपल्याकडे घराच्या पडवीला पावसाळ्यात माडाची झापं बांधतात ना, तेच पूर्वेच्या बाजूला पाहिजे, छपराची कड खाली वाकवलेली किंवा काढता-घालता येणारे पडदे. दोन्ही बाजूंची छपरं सारखी काढू नको, सिमेट्रीचा हट्ट सोड.

स्टँडचा उतार काढायला एक सूत्र आहे, सी-व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती वरून जाते. 90 मिमी मिळाली तर चांगली, 60 ही कमीत कमी. समजा एक रांग टचलाइनपासून 25 मीटर लांब, डोळे 8 मीटर उंचीवर, पायरी 80 सेंटीमीटर खोल, तर 90 साठी पुढच्या पायरीची उंची 35 सेंटीमीटर येते आणि 60 साठी 32. तीनच सेंटीमीटर, पण तीस रांगांना तो ढोबळ मानाने 90 सेंटीमीटरचा फरक होतो, आणि तेवढं सगळं स्ट्रक्चर वर जातं. कुठल्याही रांगेला 34 अंशांपेक्षा जास्त उतार नको, चढताना चक्कर येते. आणि मधे ॲथलेटिक्सचा ट्रॅक घालू का म्हणून कुणी म्हणेल, सरकारी प्रस्तावात तो असतोच, तर शक्यतो नाही म्हण. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम बघ, एकही खांब आड येत नाही इतकं सुंदर छप्पर, पण मैदान क्रिकेटचं गोल, त्यामुळे फुटबॉल बघताना खेळाडू लांब वाटतात. पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सला ट्रॅकवर सरकवता येणारा खालचा स्टँड केला होता, तसं करायला पैसा आणि मेंटेनन्स दोन्ही लागतं.

आता माणसं बाहेर काढणं, आणि इथे मी थोडा जास्त बोलणार. इंग्लंडच्या मैदानांच्या सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत आकडे दिलेत, सपाट वाटेवरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं, जिन्यावरून 66, आणि जास्तीत जास्त आठ मिनिटांत स्टँड रिकामा. म्हणजे 40 हजारांना सपाटीवर एकूण 61 मीटर रुंदीचे रस्ते, सगळे जिन्यावरून आणलेस तर 76 मीटर. मग त्यातला एक मोठा दरवाजा बंद आहे असं धरून परत मोज. आपल्याकडे एक दरवाजा बंद असतोच, त्याची चावी ज्याच्याकडे आहे तो चहाला गेलेला असतो.

1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालच्या मॅचला 16 माणसं गेली. 1989 ला इंग्लंडमध्ये हिल्सबरोला जे झालं त्यात 97. इंडोनेशियात 2022 ला कांजुरुहानला पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि माणसं दरवाज्यांकडे पळाली, 135 मेले. 2025 च्या जूनमध्ये बेंगळुरूला चिन्नास्वामीच्या गेटबाहेर 11, आणि तिथे तर आत मॅच पण नव्हती, जल्लोष होता. यातल्या एकाही ठिकाणी छप्पर किंवा बीम पडून कुणी गेलं नाही. माणसं गेली ती अरुंद तोंडावर किंवा कोंडलेल्या जागेत गर्दी दाबली म्हणून. तेव्हा आत येतानाची गर्दी, गेटच्या बाहेरची मोकळी जागा, हे पण डिझाइनच आहे, ते पोलीस बघतील म्हणून सोडू नको. कोचीचं उदाहरण मुद्दाम वाच, समुद्राजवळचं, आपल्यासारख्याच पावसाचं शहर, 60 हजारांवर माणसं मावणारं स्टेडियम, पण अंडर-17 वर्ल्ड कपला 30 हजारांच्या आतच लोकांना बसू दिलं, कारण तेवढीच माणसं वेळेत बाहेर काढता येत होती, आणि स्टँडच्या पोटातली दुकानं पण रिकामी करावी लागली. आपल्याकडे स्टँडखाली गाळे काढून उत्पन्नाची सोय करतात, नगरपालिकेला ते फार आवडतं. काढायचे तर बाहेर पडायच्या वाटांपासून आगीची भिंत घालून वेगळे काढ.

आणि गेटच्या बाहेर आल्यावर ती माणसं जाणार कुठे? गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर माणगावात गाड्यांचं काय होतं ते सगळ्यांनी भोगलंय. कोकण रेल्वे अजून बरीचशी सिंगल लाईन, मॅच सुटल्यावर दहा मिनिटाला एक गाडी काढता येणार नाही. तरी जागा स्टेशनपासून चालत येण्यासारखी घे, म्हणजे दोन-चार स्पेशल गाड्या उभ्या ठेवता येतील, आणि हायवेला दोन वेगळे जोडरस्ते, गोव्याकडे जाणारे एकीकडून, कोल्हापूर-मुंबईकडे जाणारे दुसरीकडून.

आता ये छपरावर. आपल्या वाऱ्याच्या कोडमध्ये मुंबईला 44 मीटर प्रतिसेकंद वारा आहे, पणजीला 39. गंमत म्हणजे वादळासाठी जो जादा फॅक्टर आहे तो पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्यापुरता लिहिलाय, कोकण त्यात नाही. आणि 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडला पत्रे कागदासारखे गेले, पुढच्या मे मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हा मी स्वतः 44 च धरतो आणि वर तो जादा फॅक्टर पण लावतो, कारण वादळात गावातली माणसं याच स्टेडियममध्ये आणून ठेवणार आहेत. 44 मीटरला दाब येतो चौरस मीटरला साधारण 118 किलो, आणि पुढून उघड्या छपरावर तो खालून वर उचलतो. पत्रा आणि लोखंड मिळून छपराचं वजन त्याच्यापेक्षा कमी भरतं. म्हणजे कोकणात छप्पर उचलून धरण्याइतकंच खाली धरून ठेवावं लागतं, मागच्या कॉलमच्या फाउंडेशनला ओढ येते, आणि तिथे खालचा बेसॉल्ट कामाला येतो, रॉक अँकर म्हणजे दगडात खोल पक्क्या केलेल्या सळ्या मारता येतात. जांभ्यात मारलेल्या अँकरवर मी सही करणार नाही.

तुझे तीन पर्याय. वेम्बलीची कमान 315 मीटर लांब आणि 133 मीटर उंच आहे, एवढ्या उंचीवर खाऱ्या हवेत रंगकाम कोण करणार ते आधी सांग. केबल हलकी, दिसायला देखणी, ब्रागाला दोन्ही स्टँडच्या मधे केबलच आहेत, पण केबलच्या टोकाच्या सॉकेटमध्ये खारं पाणी शिरलं की आतून गंज, बाहेरून कळत नाही. मी कॅन्टिलिव्हर घेईन, सुटेसुटे तुकडे, प्रत्येक तुकडा घाटातून ट्रेलरवर येईल एवढा, किंवा जयगडला बोटीने उतरेल असा, साइटवर बोल्टने जोडायचा, वेल्डिंग कमीत कमी. सगळं गॅल्व्हनाइज करून वर इपॉक्सी, पोकळ सेक्शन दोन्ही टोकांना बंद, पाणी साठेल असा एकही खोबणीचा जॉइंट नको, आणि माणूस चालत जाऊन प्रत्येक बोल्ट बघू शकेल असा कॅटवॉक पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये. काँक्रीटला किनाऱ्यावर कोड एम-30 ग्रेड आणि सळ्यांवर 45 मिमी काँक्रीटचं कव्हर म्हणतो, समुद्राचे तुषार येत असतील तर एम-35 आणि 50. तू सरळ दुसरं घे, स्लॅग असलेलं सिमेंट वापर. स्टँडच्या पायऱ्यांना पुढे थोडा ढाळ आणि झाडू फिरवल्यासारखं खरखरीत फिनिश दे, गुळगुळीत केलंस तर ऑगस्टात शेवाळावरून माणसं घसरतील.

शेवटचं 40 हजारांबद्दल. ब्राझीलनं 2014 ला राजधानीत 72 हजारांचं स्टेडियम बांधलं, वर्ल्ड कप गेला आणि त्याच्या पार्किंगमध्ये बस उभ्या राहायला लागल्या. कतारनं दोह्याच्या किनाऱ्यावर 974 नावाचं केलं, शिपिंग कंटेनर आणि लोखंडाचं, सुटं करता येईल असं, 40 हजारांच्या वरचं. तू दोन्हींच्या मधे राहा. खालचा टियर 18-20 हजारांचा पक्का, जमिनीवर बसलेला, छप्पर त्याच्यावर. वरच्या टियरचे कॉलम, जिने, संडास आणि बाहेर पडायच्या वाटा 40 हजारांच्या हिशेबानेच आत्ता काढून ठेव, कारण त्या नंतर वाढवता येत नाहीत, खुर्च्या येतात. गोलच्या मागच्या दोन बाजूंना लोखंडी सुटे स्टँड, मोठी मॅच असली की उभे करायचे. फक्त हे ऑक्टोबर ते मे याच काळात, जूनला ते उतरवून गोडाऊनमध्ये, पावसाळ्यात मॅच मिळाली तर ती 20 हजारांवरच खेळवायची.